‘मी असं म्हणालोच नव्हतो’ : दुसऱ्याचं बोलणं सांगताना आणि वाद घालताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अकरा वर्षं आमच्या वाडीच्या सभेचं इतिवृत्त मी लिहितो. वाडी कुडाळ-मालवणच्या मधली, घरं चाळीसेक, निम्मी माणसं मुंबईत. सभा वर्षातून तीनदा भरते : गणपतीत, शिमग्याच्या आधी आणि मे महिन्यात चाकरमानी आले की. मधल्या काळातले वाद फोनवरच्या ग्रुपात चालतात. ‘तो असं म्हणाला’ आणि ‘मी तसं म्हणालोच नाही’ यावरून जेवढी माणसं एकमेकांना दुरावलेली मी पाहिली, तेवढी जमिनीच्या हद्दीवरूनही पाहिली नाहीत. आजूबाजूच्या गावांचे चिटणीस आणि मुंबईतल्या मंडळांचे लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत.

१. दुसऱ्याचं म्हणणं चुकीचं सांगणं म्हणजे नेमकं काय? एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर एवढं काय बिघडतं?

कोणता शब्द, त्यावर आहे. ‘या वर्षी वर्गणी देणार नाही’ यातलं ‘या वर्षी’ गळलं की माणूस वाडीतून फुटल्यासारखा दिसतो. मी पाहिलेल्या बहुतेक भांडणांत घोळ ठरावीक जागी असतो. अट गळते (‘रस्ता झाला तर’), काळ गळतो, ‘दोघा-तिघांचं’ एकदम ‘सगळ्यांचं’ होतं. आणि सगळ्यात जास्त वेळा प्रश्नाचं विधान होतं. ‘पालखी त्या वाटेनं का नेत नाहीत?’ असं एखाद्या सुनेनं किंवा नव्या पोरानं सहज विचारावं आणि संध्याकाळपर्यंत गावभर व्हावं, ‘पालखीची वाट बदला म्हणतात!’ विचारणाऱ्याला फक्त कारण हवं होतं.

२. मुद्दाम बदललं तर तो ‘ध चा मा’. पण माझ्याकडून चुकून झालं असेल तर दोष माझा कसा?

हा शब्दप्रयोग आपण उठता-बसता वापरतो, म्हणून त्याची गोष्ट नीट आठवून पाहा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांच्या पत्रात ‘धरावे’ होतं, आनंदीबाईंनी त्याचं ‘मारावे’ केलं, असं सांगतात. रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष राघोबादादांवर ठेवला. अक्षर बदलल्याची कथा मात्र परंपरेनं चालत आलेली आहे, पुराव्यानं सिद्ध झालेली नाही. आनंदीबाई माहेरच्या ओक, आपल्या गुहागरकडच्या. दुसऱ्याचे शब्द बदलल्याचा आरोप अडीचशे वर्षं त्यांच्या नावाला चिकटला आहे, तोही ऐकीव गोष्टीवरून. मला ही म्हण वापरताना दर वेळी हे आठवतं.

आता तुमचा प्रश्न. चुकून झालं असेल तर दोष कमी, जबाबदारी तेवढीच. ज्याच्या तोंडी ते वाक्य गेलं त्याला होणारा त्रास तुमच्या हेतूनं कमी होत नाही. कळल्याबरोबर दुरुस्त करा. कसं करायचं ते प्रश्न ९ आणि १६ मध्ये आहे.

३. शब्द तंतोतंत हवेत, की आशय सांगितला तरी चालतो?

दोन्ही चालतं, पण आपण कोणतं करतोय ते ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. जुन्या मोडी कागदांत अवतरणचिन्हं नव्हती. मराठीत विरामचिन्हं रुळली एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचं श्रेय इंग्रज कोशकार मेजर कँडी यांना दिलं जातं. ती चिन्हं म्हणजे एक वचन आहे : आतले शब्द माझे नाहीत, त्यांचे आहेत, जसेच्या तसे. तेवढी खात्री नसेल तर चिन्हं काढा आणि ‘मला जे समजलं ते असं’ म्हणून सांगा. नुसता आशय सांगण्यात कमीपणा काहीच नाही. आशयाला अवतरणचिन्हं घालणं मात्र खोटं आहे.

४. ‘दादा म्हणाला की मी पंपाचे पैसे भरणार’ असं मी ग्रुपवर लिहिलं आणि सगळे माझ्याकडे पैसे मागायला लागले. माझं काय चुकलं?

तुमचं थोडं आणि मराठीचं थोडं. आपल्या भाषेत ‘की’नंतरही बोलणाऱ्याचं ‘मी’ तसंच राहतं. त्यामुळे हे ‘मी’ दादाचं की तुमचं, ते वाक्यावरून ठरत नाही. समोरासमोर आवाजावरून, हातवाऱ्यावरून कळतं, पण लिहिलेल्या ओळीला आवाज नसतो. पैशाचा, जागेचा, मानपानाचा विषय असेल तिथे ‘की’ टाळा. ‘दादा म्हणाला, “मी भरतो”’ असं लिहा, किंवा सरळ ‘पंपाचे पैसे दादा भरणार आहे.’

असाच घात ‘आपण’ आणि ‘आम्ही’ करतात. ‘आपण देऊ’ म्हणणारा ऐकणाऱ्यालाही धरून बोलतो, ‘आम्ही देऊ’ म्हणणारा त्याला वगळतो. एका सभेत मुंबईकरांचा निरोप वाचून दाखवणाऱ्यानं ‘आपण ठरवू’चं ‘आम्ही ठरवू’ केलं. वाचताना जीभ घसरली, एवढंच. पण गावातले लोक उठून गेले, आणि मूळ निरोप फोनवर दाखवून त्यांना परत बसवायला तास गेला.

५. ‘म्हणे’ लावलं की जबाबदारी संपते ना? ‘तो म्हणे जमीन विकतोय’ यात मी कुठे काय ठामपणे म्हटलं?

‘म्हणे’ हा फार उपयोगी शब्द आहे. हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे, एवढं तो दोन अक्षरांत सांगतो. पण पुढच्या माणसाकडे जाताना तोच आधी गळतो. तिसऱ्या तोंडी ‘जमीन विकतोय’ एवढंच उरतं आणि चौथा तलाठ्याकडे चौकशीला जातो. कुणाच्या घरादाराचा, पोरीबाळींचा विषय असेल तर ‘म्हणे’ लावूनही बोलू नका. आधी त्यालाच विचारा.

६. तात्या सभेत ‘बघूया’ म्हणाले. आम्ही ‘तात्यांची संमती आहे’ असं लिहिलं. आता ते नाही म्हणतात. बदलले कोण?

तुम्ही. आपल्याकडे ‘बघूया’ हा बहुतेक वेळा चारचौघांत तोंडावर नाही म्हणायचं नाही म्हणून काढलेला शब्द असतो. कधी त्याचा अर्थ ‘खरंच विचार करतो’ असाही असतो. ‘हो’ मात्र तो कधीच नसतो. हे गावातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मुंबईत वाढलेल्या पोरांना सांगावं लागतं, म्हणून हा प्रश्न इथे घेतला. इतिवृत्तात मी ‘बघूया, असं म्हणाले’ हेच लिहितो आणि आठवड्यानं घरी जाऊन विचारतो. गप्प बसण्याचंही तसंच. ‘कुणी विरोध केला नाही’ आणि ‘सगळ्यांनी मान्य केलं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

७. बोललेलं मालवणीत, लिहायचं प्रमाण मराठीत. मग शब्द बदलणारच की!

बदलणारच, आणि इथेच सगळ्यात जास्त जपावं लागतं. ‘गप रे मेल्या, तुका काय म्हायत!’ हे बालमित्रानं बालमित्राला म्हटलं तर त्यात माया असते. त्याचं ‘मेल्या, गप्प बस, तुला काय कळतं’ करून ग्रुपवर टाकलं की ती शिवी होते, आणि मुंबईत शिकलेली त्याची मुलगी ते वाचून हादरते. अर्थ बरोबर आला, माणूस चुकीचा आला.

भाषांतरानं माणसाचं काय होतं याचं मोठं उदाहरण आपल्याच रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांचं. १९०८च्या राजद्रोहाच्या खटल्यात ‘केसरी’तल्या मराठी लेखांची इंग्रजी भाषांतरं पुरावा म्हणून ठेवली होती. टिळकांनी स्वतःच्या बचावाच्या भाषणात बराच वेळ हेच सांगण्यात घालवला, की ही भाषांतरं चुकीची आहेत, माझ्या शब्दांचा हा अर्थ नाही. ज्यूरीतल्या नऊपैकी सात जणांनी त्यांना दोषी ठरवलं आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. मूळ शब्द कळत नसलेल्या माणसांपुढे ‘मी असं म्हणालो नव्हतो’ हे सिद्ध करणं किती अवघड असतं, ते यातून कळतं.

म्हणून मी महत्त्वाचं वाक्य आधी मालवणीत जसंच्या तसं लिहितो आणि खाली प्रमाण मराठीत त्याचा अर्थ देतो. दोन ओळी जास्त जातात, भांडण एक कमी होतं.

८. माणूस दहा मिनिटं बोलतो. सगळं कोण लिहिणार? मुद्द्याचं तेवढं घेतलं तर बिघडलं कुठे?

याचं उत्तर मला माझ्याच चुकीनं शिकवलं. सहा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, शाळेच्या पडवीत सभा होती. विषय खालच्या वाडीकडे जाणाऱ्या वाटेचा. ती वाट शेजारच्या तात्यांच्या गडग्याशी अडते. तात्या उठले, टोपी काढून मुठीत धरली आणि म्हणाले, ‘गडगो हलवचंय नाय. पण पावसात बेडां उघडां ठेवतलंय.’ म्हणजे दगडी कुंपण जागचं हलणार नाही, पण पावसाळ्यात व्हाळाला (ओढ्याला) पाणी असेल तेव्हा बांबूंचं फाटक उघडं, खुशाल परड्यातून (घरामागच्या आवारातून) जा.

रात्री मी ग्रुपवर सभेचा सारांश टाकला. त्यात लिहिलं, ‘तात्यांनी गडगा हलवायला नकार दिला.’ त्यात खोटा शब्द एकही नव्हता. सकाळपर्यंत मुंबईहून चाळीसेक मेसेज आले होते. कुणी त्यांचा जुना इतिहास काढला, कुणी पोलिसांचं नाव घेतलं. तात्या फोन वापरत नाहीत. पुतण्यानं त्यांना ते सगळं वाचून दाखवलं. पुढच्या शिमग्याला पालखी त्यांच्या खळ्यात (अंगणात) आली तेव्हा दार लोटलेलं होतं.

तेव्हापासून कापायचं असेल तर एकच कसोटी लावतो. ‘पण’च्या अलीकडचं घेतलं तर पलीकडचंही घ्यायचं. कोकणातला माणूस देण्याची गोष्ट बहुतेक वेळा ‘पण’च्या पलीकडेच ठेवतो.

९. माझंच वाक्य कुणीतरी मोडून-तोडून सांगितलं. आता काय करू?

लगेच ‘खोटारडा’ म्हणू नका. आधी नेमकं काय म्हणालात ते एकदा, शांतपणे, पूर्ण सांगा. लिहिलेलं असेल तर मूळ ओळ दाखवा. शक्य असेल तर आधी त्या माणसाला एकट्याला फोन करा. बहुतेकांना चारचौघांत माघार घेणं जड जातं, एकट्यात सोपं जातं. मात्र चूक चारचौघांत झाली असेल तर दुरुस्तीही चारचौघांतच झाली पाहिजे, आणि तसं स्पष्ट मागायला संकोच करू नका.

एक पथ्य तुमच्यासाठीही. तुमचं मत दरम्यान बदललं असेल तर ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणू नका. ‘तेव्हा म्हणालो होतो, आता मला तसं वाटत नाही’ हे म्हणण्यात लाज काही नाही.

१०. स्क्रीनशॉट म्हणजे पक्का पुरावा, बरोबर?

अर्धा. स्क्रीनशॉटात त्याच्या वरचा प्रश्न दिसत नाही आणि खालची दुरुस्ती दिसत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि बदलल्याची खूण त्याच्यापाशी दिसते. पण तुम्ही चित्र त्याआधीच काढलं असेल तर माणसानं सुधारलेलं वाक्य सोडून चुकलेलंच फिरत राहतं. कुणाचा मेसेज धरून उत्तर देतानाही त्याच्या वरच्या दोन-चार ओळीच चौकटीत दिसतात, म्हणून लांब मेसेजातली नेमकी कोणती ओळ ते स्वतः लिहा.

खासगी बोलणं ग्रुपवर टाकायचं असेल तर आधी विचारा. विचारल्यावर ‘नको’ म्हणाले तर नको. माणसानं स्वतःच पुसून टाकलेला मेसेज पुन्हा वर काढणं मला पटत नाही. घाईत बोललेलं परत घेण्याची सवलत आपण समोरासमोर देतो, तीच इथेही द्यावी. अपवाद धमकीचा आणि पैशांच्या व्यवहाराचा. तिथे नोंद ठेवा, पण ती चव्हाट्यावर न मांडता संबंधितांना दाखवा.

११. वडीलधारी माणसं दुसऱ्याचं चुकीचं सांगत असतील तर मधे बोलावं का?

बोलावं, पण दुरुस्ती वाक्याची करावी, माणसाची नाही. ‘आजोबा, तुम्ही चुकीचं सांगताय’ म्हणण्याऐवजी ‘आजोबा, माझ्या ऐकण्यात ते असं होतं, वहीत बघूया का?’ असं. वही मधे आली की कुणाचा मान जात नाही. तिथेच तरुणांनी सभेत ‘अहो’ म्हणायचं आणि ग्रुपवर त्याच माणसाला ‘तू’ करून लिहायचं, हे मला अजिबात चालत नाही. आणि उलट बाजूही सांगायला हवी : लहान माणसाचं, सुनेचं म्हणणं चुकीचं सांगितलं गेलं तर ते दुरुस्त करायला सहसा कुणीच उठत नाही. तिथे वडीलधाऱ्यांनी उठावं.

१२. गेलेल्या माणसाचे शब्द कसे सांगायचे? ‘आमचे अप्पा म्हणायचे’ यावर तर अर्धा गाव चालतो.

फार जपून, कारण अप्पा उठून ‘मी असं म्हणालो नव्हतो’ म्हणू शकत नाहीत. कधी, कुठे, कुणासमोर म्हणाले ते सांगता येत असेल तर सांगा. नसेल तर ‘आमच्या घरात असं सांगतात’ म्हणा. जमिनीच्या वाटण्यांत अप्पांच्या तोंडी वाक्यं घालून भावकी फुटलेली मी पाहिली आहे. दोन्ही भावांकडे दोन वेगळे अप्पा होते.

थोरामोठ्यांचंही तेच. कुणीही चार ओळी रचून शेवटी ‘तुका म्हणे’ लावतो आणि सकाळी सगळ्यांना पाठवतो. बाबासाहेबांच्या नावावर फिरणाऱ्या वाक्यांचं तर काही विचारू नका. त्यांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. महाडचा सत्याग्रह १९२७चा. आपल्या किनाऱ्याचं त्यांच्याशी एवढं नातं असताना आपण तरी न पाहता पुढे ढकलू नये. त्यांचं लेखन आणि भाषणं महाराष्ट्र शासन १९७९पासून खंडाखंडानं प्रसिद्ध करत आलं आहे. खंड आणि पान सांगता आलं तरच त्यांच्या नावानं लिहा.

१३. सरकारी आदेशाबद्दल दोन गट दोन गोष्टी सांगतात. खरं कुणाचं?

कागदाचं. २०१६मध्ये पर्ससीन मासेमारीवर (मोठ्या जाळ्यानं माशांचा थवा वेढून पकडण्यावर) राज्य शासनाचा आदेश निघाला. त्यात क्षेत्राच्या आणि काळाच्या मर्यादा होत्या. बंदरावर मात्र एकीकडे ‘पर्ससीन कायमची बंद’ आणि दुसरीकडे ‘पर्ससीनला परवानगी मिळाली’ अशी दोन वाक्यं फिरली आणि दोन्ही बाजू आदेशाचंच नाव घेत होत्या. मर्यादा गळली की आदेशाचा कुठलाही अर्थ होतो (प्रश्न १ मधली अट गळते, तीच ही). ग्रामसभेतल्या ठरावाबद्दल वाद असेल तर इतिवृत्ताची नक्कल मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकाराखाली अर्ज करा. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

१४. चुकीचं वाक्य पसरवलं तर गुन्हा होतो का? ग्रुपच्या ॲडमिनवर येतं का?

बदनामी हा गुन्हा आहे. १ जुलै २०२४पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये आहे आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी आहे. गावात अजून कुणीतरी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ‘६६अ लावीन’ म्हणून धमकावतं. ते कलम सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५मध्येच रद्द केलं. ॲडमिनबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१मध्ये सांगितलं, की सदस्यानं काही आक्षेपार्ह टाकलं तर केवळ ॲडमिन आहे म्हणून तो जबाबदार होत नाही. त्यात त्याचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत असावा लागतो. पुढचं वकिलाला विचारा. माझा अनुभव एवढाच, की कोर्टात गेलेली वाक्यं पुन्हा वाडीत येत नाहीत.

१५. शिमग्यात आम्ही एकमेकांच्या नकला करतो. त्यात तर न बोललेलंच तोंडी घालतो. तेही चूक?

नाही. सोंग आणलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि ज्याची नक्कल होते तोही समोर बसून हसत असतो. दशावतारात पात्रं आयत्या वेळी बोलतात, त्यात गावातला एखादा टोमणा येतो, तोही असाच. अडचण होते ती तो तुकडा मोबाइलवर चित्रित करून, सोंग न दिसेल असा कापून, गावाबाहेर पाठवला की. तिथे पाहणाऱ्याला सोंग कळत नाही. आणि जो त्या दिवशी तिथे नाही, ज्याला उत्तर देता येणार नाही, त्याची नक्कल शिमग्यातही करू नये.

१६. चूक कबूल केली, माफीही मागितली. तरी माणूस बोलत नाही. आणखी काय करायचं?

माफी माणसाकडे आणि दुरुस्ती सगळ्यांकडे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बरेच जण पहिली करून थांबतात. प्रश्न ८ मधल्या तात्यांकडे मी दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि काहीच बोलले नाहीत. त्याच रात्री मी ग्रुपवर त्यांची दोन्ही वाक्यं मालवणीत जशीच्या तशी टाकली आणि खाली लिहिलं, ‘दुसरं वाक्य मी गाळलं होतं. चूक माझी.’ पुढच्या सभेत तेच उभा राहून वाचलं आणि वहीत नोंद केली. ज्यांनी त्यांच्याविरुद्ध लिहिलं होतं, त्यातल्या प्रत्येकाला फोन केला. एवढं करूनही पुढचा शिमगाही लोटलेल्या दारानं गेला. घाई करता येत नाही.

तिसऱ्या वर्षी पालखी आली तेव्हा तात्या नारळ घेऊन खळ्यात उभे होते. आता ते सभेत बोलतात, पण बोलून झाल्यावर बसत नाहीत. ‘काय लिवलंस, ता वाच,’ म्हणतात. मी वाचतो, ते एखादा शब्द बदलायला लावतात, मी खोडून लिहितो, मग ते बसतात.

आणि बेडं त्यांनी दर पावसाळ्यात उघडं ठेवलं आहे. ज्या वर्षी आम्ही सगळे त्यांच्याविरुद्ध लिहीत होतो, त्या वर्षीसुद्धा.